चरित्रनायकाला हिरव्या रंगातून सोडवा

मराठीत एखाद्या मुसलमान व्यक्तीचे चरित्र निघायचे असले, की आतला मजकूर न वाचताही त्याचे मुखपृष्ठ तयार करता येते. पार्श्वभूमी हिरवी. वरच्या कोपऱ्यात चंद्रकोर. मागे मिनार, नाहीतर एखादी कमान. पुढे टोपी घातलेला पुरुष किंवा ओढणीतून डोळे तेवढे दाखवणारी बाई. शीर्षकाची देवनागरी अक्षरे उर्दूसारखी दिसावीत म्हणून ओढूनताणून वाकवलेली. नायक सेनापती असो, शाहीर असो, शिक्षिका असो की समाजसुधारक, साचा बदलत नाही. अशी पाच पुस्तके शेजारी ठेवून नावे झाकली, तर कोणते कोणाचे हे ओळखताना प्रकाशकाचीही पंचाईत होईल.

समाजापुढे शिक्षण, रोजगार, स्त्रियांचे हक्क, सुरक्षितता असे प्रश्न आ वासून उभे असताना मुखपृष्ठाची चिंता कशाला, असे कोणी विचारील. कार्यक्रमाच्या ठिकाणी पुस्तकांचे टेबल मांडणारा कोणताही कार्यकर्ता याचे उत्तर देऊ शकेल. टेबलासमोरून शंभर जण जातात, दहा जण थांबतात, एखादा पुस्तक उघडतो. उरलेल्यांच्या लेखी मुखपृष्ठ हेच पुस्तक असते. आता तर ते चित्र मोबाइलवर फिरते आणि पुस्तक कधीही हातात न घेणाऱ्या हजारो लोकांपर्यंत पोहोचते. त्या एका चित्रातून त्यांना काय कळते? हा माणूस मुसलमान होता, एवढेच. तो काय करत होता, कशासाठी झगडला, मराठी मुलखाशी त्याचे काय नाते होते, हे हिरव्या रंगाखाली दडून जाते. मराठी वाचक ते पुस्तक ‘त्यांचे धार्मिक काहीतरी’ समजून पुढे सरकतो. वाचनालयात ते इतिहासाच्या कपाटाऐवजी धर्माच्या कपाटात जाऊन पडते.

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर आपल्या नगर जिल्ह्यासारखी दुसरी जागा नाही. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. नाव कोणतेही असो, या मातीत घडलेल्या आणि वावरलेल्या माणसांची चरित्रे लिहायची म्हटली तर एक कपाट भरेल. त्या कपाटातली मुखपृष्ठे कशी असावीत याचा विचार केला, की मुद्दा आपोआप उलगडतो.

अंबरचे चित्र कोणी काढले?

मलिक अंबरपासून सुरुवात करू. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. मोगल फौजांना त्याने गनिमी काव्याने हैराण केले, जमीन महसुलाची घडी बसवली, खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद वसवले आणि तिथे नहरीने पाणी खेळवले. नगरजवळच्या भातवडीला १६२४ साली त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि शहाजीराजांचे बंधू शरीफजी तिथेच कामी आले. नगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्याला नवस बोलल्यावर झालेली ही दोन मुले, म्हणून त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी, अशी परंपरा आहे.

इंटरनेटवर अंबरचे चित्र शोधणाऱ्याला एक विलक्षण चित्र हमखास सापडते. बादशहा जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. हे चित्र जहांगीरच्या दरबारातल्या अबुल हसन या चित्रकाराचे असून सध्या डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. ते काढले गेले तेव्हा अंबर जिवंत होता आणि पुढे सुमारे दहा वर्षे मोगलांशी लढत राहिला. जहांगीरच्या हाती तो कधीच लागला नाही. १६२६ मध्ये वयोवृद्ध होऊन नैसर्गिक मरणाने गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. म्हणजे हे चित्र घडलेल्या घटनेचे नाही. जिंकता न आलेल्या बादशहाने चित्रात भागवून घेतलेली ती हौस आहे. रंग, रेषा, नाट्य या दृष्टीने चित्र अप्रतिम आहे आणि लक्ष वेधून घेण्यात त्याची बरोबरी कोण करणार? पण ते अंबरच्या चरित्रावर छापणे म्हणजे त्याची गोष्ट सांगण्याचा मान त्याच्या शत्रूला देणे.

अंबरचे दुसरे चित्रही उपलब्ध आहे. हाशिम नावाच्या चित्रकाराने रंगवलेले ते व्यक्तिचित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एका बाजूने दिसणारा, वय झालेला, भारदस्त माणूस. तेही मोगल परंपरेतलेच, पण चित्रकाराने समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून पाहिले आहे. कोणते चित्र निवडायचे हा प्रश्न म्हणूनच केवळ सौंदर्याचा राहत नाही. कोणाच्या नजरेतून नायक दाखवायचा हे ठरवणे म्हणजे भूमिका घेणे आहे. मुखपृष्ठ ठरवताना ती भूमिका चरित्रकाराने घ्यायची असते. ती छापखान्यातल्या संगणकावर बसलेल्या मुलावर सोडून देता येत नाही.

चांदबिबी, तिची आई आणि चुकीचा महाल

चांदबिबीचे नाव घेतले की नगरकरांच्या डोळ्यांपुढे शहराबाहेरच्या डोंगरावरचा अष्टकोनी ‘चांदबिबी महाल’ येतो. पर्यटनाच्या जाहिरातीत तोच, शाळेच्या सहलीत तोच. पण ती वास्तू चांदबिबीची नाहीच. ती निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. मग चांदबिबीच्या चरित्रावर ती वास्तू कशाला हवी?

चांदबिबीचे जे चित्र सर्वांत जास्त फिरते, त्यात ती घोड्यावर बसून बहिरी ससाणा घेऊन शिकारीला निघाली आहे. या विषयाचे एक सुंदर दख्खनी चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ते साधारण १७०० सालचे. चांदबिबी मारली गेली १६०० साली. शंभर वर्षांनंतर काढलेल्या त्या चित्रात तिचा खरा चेहरा शोधण्यात अर्थ नाही. ते वापरू नये असे मी म्हणत नाही. वापरावे, पण आत एका ओळीत ते केव्हाचे आणि कुठले हे सांगावे. आजकाल याहूनही सोपा मार्ग निघाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपला ‘चांदबिबी’ म्हणून सांगितले की ते हिंदी सिनेमातली नायिका काढून देते. भरजरी कपडे, नाकात नथनी, मागे ताजमहालासारखा घुमट. चांदबिबी होती तेव्हा ताजमहालाचा पायाही पडलेला नव्हता.

खरे तर तिच्या आयुष्यातला सर्वांत बोलका क्षण चेहऱ्याशिवायही दाखवता येतो. १५९५-९६ च्या वेढ्यात अकबराचा मुलगा मुराद याच्या फौजेने सुरुंग लावून नगरच्या किल्ल्याच्या तटाला खिंडार पाडले. चांदबिबी तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून काढला गेला. फुटलेला आणि घाईघाईने चिणलेला तट, वेड्यावाकड्या रचलेल्या दगडांची एक रांग. एवढेच चित्र मुखपृष्ठावर आले तरी वाचक थबकेल, आणि हे काय आहे ते पाहायला पुस्तक उलटेल. लक्षवेधी मुखपृष्ठाचे खरे काम एवढेच. वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा करायचा आणि त्याचे उत्तर आतल्या पानांत ठेवायचे.

चांदबिबीची आई खुंजा हुमायून हिची गोष्ट तर प्रत्येक मुखपृष्ठकाराने ऐकावी अशी आहे. तिचा पती हुसेन निजामशाह याच्या गौरवासाठी आफताबी या कवीने ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे काव्य रचले. त्याची चित्रांनी सजवलेली हस्तलिखित प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांमध्ये ती मोजली जाते. त्या चित्रांत राजाशेजारी राणी होती. हुसेन निजामशाहाच्या मृत्यूनंतर खुंजा हुमायून हिने अल्पवयीन मुलाच्या नावाने राज्यकारभारही पाहिला. पुढे त्याच मुलाने तिला कैदेत टाकले. आज त्या हस्तलिखितातल्या बहुतेक चित्रांत राणीची आकृती रंगाखाली पुसलेली दिसते. सत्ता गेल्यावर तिचे चित्रही पुसले गेले असावे, असे अभ्यासक मानतात. चित्रातून माणूस पुसण्याचे काम नगरच्या दरबारात साडेचारशे वर्षांपूर्वीही झाले होते. तेव्हा राणीवर रंगाचा थर दिला होता. आज आपण चरित्रनायकावर हिरव्याचा थर देतो.

खरे असूनही अपुरे

साचा प्रत्येक वेळी खोटाच असतो असे नाही. मौलाना आझाद टोपी घालत, शेरवानी घालत, दाढी ठेवत. त्यांच्या चरित्रावर तसा फोटो छापला तर तो खराच आहे. पण तोच फोटो प्रत्येक पुस्तकावर, प्रत्येक शाळेच्या भिंतीवर, प्रत्येक जयंतीच्या फलकावर पाहून पाहून डोळ्यांना त्याची इतकी सवय झाली आहे, की आता तो दिसेनासा झाला आहे.

ऑगस्ट १९४२ मध्ये अटक झाल्यावर आझादांना नेहरू, पटेल आणि काँग्रेस कार्यकारिणीतल्या इतर नेत्यांबरोबर नगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले, हे बहुतेकांना ठाऊक असते. आझादांनी इथे उर्दूत पत्रे लिहिली. मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिलेली, पण तुरुंगातून पाठवता न आलेली ती पत्रे १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यात राजकारण फारसे नाहीच. पहाटे स्वतः करून घेतलेल्या चहाचे वर्णन आहे. खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांशी आधी झालेले भांडण आणि मग जमलेली दोस्ती आहे. संगीत आहे. आणि एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात पत्नी झुलेखा बेगम वारल्या, त्या शेवटच्या दिवसांत त्यांच्याजवळ जाता आले नाही, हे दुःख आहे.

आता कल्पना करा, आझादांच्या मराठी चरित्रावर टोपी नाही, तिरंगा नाही. दगडी भिंतीतली एक खिडकी, खिडकीत चहाची पेयाली आणि तिच्या काठावर बसलेली चिमणी. खाली ठसठशीत अक्षरांत ‘मौलाना आझाद’. नगरच्या बसस्थानकावरच्या स्टॉलवर असे पुस्तक दिसले तर माणूस ते हातात घेईल की नाही? ज्याला मौलानांबद्दल पूर्वग्रह आहे तोही घेईल, कारण त्याचा पूर्वग्रह ज्या फोटोवर पोसला आहे तो फोटो तिथे नाही.

आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान पाहा. त्याच्याविषयीच्या पुस्तकावर कोणी चंद्रकोर काढणार नाही. चेंडू असेल, धावत येण्याचा आवेश असेल, २०११ च्या विश्वचषकातले २१ बळी असतील. डॉ. अब्दुल कलामांच्या पुस्तकांवर त्यांचे ते प्रसिद्ध केस असतात, अग्निबाण असतो. म्हणजे मुसलमान माणसाला त्याच्या कामावरून ओळखणे मराठी समाजाला जमते. खेळाडूला आणि शास्त्रज्ञाला आपण ही सवलत देतो. मग शिक्षिकेला, संतकवीला, सेनापतीला आणि सुधारकाला का देत नाही?

हमीद दलवाईंचेच पाहा. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. कोकणातला, मराठीत कथा लिहिणारा हा माणूस. त्यांच्याविषयीच्या पुस्तकावर मशिदीची सावली पाडण्याचा मोह ज्याला होतो, त्याने त्यांचे लेखन वाचलेलेच नाही, असे मी खुशाल म्हणेन. आणि तलाकविरुद्ध लढलेल्या स्त्रियांच्या पुस्तकांवर बुरख्याच्या फटीतून दिसणारे पाणावलेले डोळे का असतात? त्या बायका रस्त्यावर उतरल्या, न्यायालयात उभ्या राहिल्या, सभांमध्ये बोलल्या. मुखपृष्ठावर मात्र त्या रडतच राहतात.

चेहरा नसेल तर?

अनेक चरित्रनायकांचा अस्सल चेहरा आपल्याला मिळणारच नाही. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद घ्या. ‘योगसंग्राम’सारखा ग्रंथ मराठी ओवीत लिहिणारा हा मुसलमान संत आपल्याच जिल्ह्यातला. त्यांचे चित्र काढायला बसलेला कलाकार काय करील? एक जण टोपी आणि दाढी देईल, दुसरा गंध आणि तुळशीची माळ. दोघेही आपापल्या बाजूला ओढतील. शिर्डीत असेच चालले आहे. साईबाबांची जुनी छायाचित्रे कृष्णधवल आहेत, पण बाजारातल्या पुस्तकांवर त्यांच्या कफनीचा रंग प्रकाशकाच्या मर्जीप्रमाणे बदलतो.

यावरचा उपाय खुद्द मुस्लिम परंपरेत आहे. प्रेषितांच्या चरित्रावर चेहरा नसतो. शतकानुशतके कलाकारांनी ती उणीव मानली नाही. त्यांनी अक्षर फुलवले, नक्षी फुलवली. शेख महंमदांच्या चरित्रावर त्यांच्या नावाचीच देवनागरी अक्षरे पोथीच्या वळणाने, बोरूने लिहिल्यासारखी मोठी घ्यावीत. पोथीचे वळण आणि त्यात ‘शेख महंमद’ हे नाव, ही जोडीच वाचकाला थांबवायला पुरेशी आहे. मराठीत कमल शेडगे यांनी नुसत्या अक्षरांमधून नाटकाचा स्वभाव उभा केला. दीनानाथ दलाल, बाळ ठाकूर, पद्मा सहस्रबुद्धे, सुभाष अवचट यांनी मराठी वाचकाची नजर घडवली. हा वारसा आपलाही आहे. तो सोडून तयार फॉन्टमधली खोटी ‘उर्दू’ देवनागरी आपण का घेतो?

फातिमा शेख यांच्या बाबतीत तर मुखपृष्ठाच्या निष्काळजीपणाची किंमत मोजावी लागते. सावित्रीबाईंनी ज्या नगरमध्ये मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले, तिथेच फातिमाबींनीही ते घेतले असे काही चरित्रकार मानतात. एका जुन्या समूहछायाचित्रातला एक चेहरा त्यांचा म्हणून ओळखला जातो. तो चेहरा कापून, रंगवून, गुळगुळीत करून, कधी हिजाब चढवून आज असंख्य पुस्तकांवर आणि फलकांवर झळकतो. मूळ छायाचित्र कुठले, कोणी प्रसिद्ध केले, हे कोणी लिहीत नाही. जानेवारी २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर ‘फातिमा शेख नावाची व्यक्ती झालीच नाही’ असा दावा झाला, तेव्हा त्या रंगवलेल्या चित्रांचा काडीचा उपयोग झाला नाही. उत्तर दिले ते सावित्रीबाईंच्या पत्राने. १० ऑक्टोबर १८५६ रोजी आजारपणात नायगावहून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाचा आणि तिच्यावर पडणाऱ्या कामाच्या भाराचा उल्लेख केला आहे. मग फातिमाबींच्या चरित्रावर चेहऱ्याचा हट्ट कशासाठी? पाटी, पेन्सिल आणि ती तारीख पुरे. जे सिद्ध करता येते तेच मुखपृष्ठावर ठेवले, तर उद्या कोणी बोट दाखवले तरी पुस्तक डगमगणार नाही.

पोरांच्या हातातले चित्र

जून २०२३ मध्ये नगर शहरात उरुसानिमित्त निघालेल्या संदल मिरवणुकीत औरंगजेबाची चित्रे झळकली आणि गुन्हे दाखल झाले. त्याच आठवड्यात मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात हिंसाचार झाला. दोन्हीकडे चित्र हेच निमित्त होते. पोरांना चिथावणारे कोण होते, कायदा कोणी हातात घेतला, हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण चळवळ म्हणून आपण स्वतःला एक वेगळा प्रश्न विचारला पाहिजे. या पोरांच्या हातात दुसरे कोणते चित्र आपण दिले होते?

ज्या मोगल सत्तेच्या शेवटच्या मोठ्या बादशहाचे चित्र ती मिरवत होती, त्याच सत्तेशी त्यांच्या गावचा किल्ला लढला होता. चांदबिबी अकबराच्या फौजेशी लढली. अंबर जहांगीरशी लढला, आणि शहाजीराजांना बरोबर घेऊन लढला. नगरच्या मुसलमान तरुणाला अभिमानच हवा असेल तर तो त्याच्या घराच्या अंगणात आहे आणि त्या अभिमानात शेजारचा मराठा तरुणही वाटेकरी आहे. पण औरंगजेबाचे चित्र मोबाइलवर एका क्षणात सापडते. मलिक अंबरचे मराठी पुस्तक शोधावे लागते आणि सापडले तर त्याचे मुखपृष्ठ मदरशाच्या वार्षिक अहवालासारखे दिसते. ते स्टेटसला कोण ठेवील?

मुखपृष्ठ बदलले की दंगली थांबतील, असा भाबडेपणा माझ्याकडे नाही. पण चित्रांच्या बाजारात आपण उतरायचेच नाही असे ठरवले, तर तो बाजार ज्यांना आग लावायची आहे त्यांच्या ताब्यात जाणार. तेही मुखपृष्ठे करतात. लाल डोळे, रक्ताने माखलेली तलवार, कपाळावर आठ्या. ती विकली जातात, कारण ती करणारे मेहनत घेतात.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्यातूनच येतो. हिरवा रंग, चंद्रकोर, मिनार यांची लाज वाटते का? टोपी लपवायची का? अजिबात नाही. ओळख लपवून कोणाचे चरित्र सांगता येत नाही आणि सांगूही नये. शेख महंमद हे नाव मोठ्या अक्षरांत लिहा असे मी म्हणतो ते याच कारणाने. नावात ओळख आहेच. तीच गोष्ट रंगाने, चंद्राने आणि मिनाराने आणखी तीनदा सांगितली की माणसाबद्दल बोलायला जागा उरत नाही. एखाद्या सूफीच्या चरित्रात दर्ग्याची चादर येणे स्वाभाविक आहे, तिथे हिरवा रंग शोभेल. शाहीर अमर शेखांच्या चरित्रावर डफ हवा. बार्शीच्या त्या शाहिराचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत घराघरात पोहोचला होता. तिथे मिनाराचे काय काम?

आणि ही तक्रार केवळ मुसलमानांची नाही. ज्यांचे नाव आता जिल्ह्याला दिले आहे त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चोंडीचा, सन १७२५ चा. जवळजवळ तीन दशके राज्य चालवलेल्या, घाट, विहिरी, धर्मशाळा बांधणाऱ्या, महेश्वरला विणकरांना आश्रय देणाऱ्या या राज्यकर्तीच्या पुस्तकांवर काय असते? पांढरे लुगडे आणि हातात शिवपिंड. त्यांची भक्ती खरीच होती. पण कारभार कुठे गेला? साच्याने त्यांनाही छोटे केले आहे. म्हणून ही मागणी आपण सर्वांच्या वतीने करू शकतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. चळवळीच्या पुस्तकांना चित्रकाराचे मानधन परवडत नाही. अडचण खरी आहे. पण लेखक दोन-तीन वर्षे राबतो, कोणी फुकट मुद्रितशोधन करतो आणि मुखपृष्ठाला छपाईच्या आदल्या दिवसाची दुपार मिळते. इथे पैशापेक्षा वेळेचा आणि आस्थेचा प्रश्न मोठा आहे. जिल्ह्यात चित्रकलेचे शिक्षक आहेत, कलाशाखेत शिकणाऱ्या मुली आहेत. संगमनेरची, राहुरीची, शेवगावची एखादी विद्यार्थिनी हस्तलिखित वाचून चार कच्ची रेखाटने करील. तिला मानधन द्या, आत तिचे नाव छापा.

करता येण्यासारखे

पुढचे चरित्र काढण्याआधी आपल्या मंडळींनी एवढ्या गोष्टी पाळाव्यात, अशी माझी सूचना आहे.

मुखपृष्ठ करणाऱ्याला किमान दोन प्रकरणे वाचायला द्यावीत आणि एकच प्रश्न विचारावा: या आयुष्यातली एक वस्तू, एक जागा किंवा एक क्षण निवडायचा झाला तर कोणता? उत्तरात ‘मशीद’ आले तर ‘का’ असे विचारावे. कारण पटले तर जरूर घ्यावी.

तयार मुखपृष्ठ मोबाइलवर पोस्टाच्या तिकिटाएवढे करून पाहावे. त्या आकारात नाव वाचता आले नाही, तर मोठ्या आकारात ते कितीही सुंदर असले तरी उपयोग नाही. एक चित्र, एक नाव, फार तर एक उपशीर्षक. पाहुण्यांची, प्रस्तावनाकारांची, आश्रयदात्यांची नावे आत न्यावीत. कण्यावरही नाव ठळक असावे, कारण वाचनालयात पुस्तक आयुष्यभर कण्यानेच ओळखले जाते.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो छापायला देऊ नये. आपली बहुतेक पुस्तके डेमी आकाराची, साडेपाच बाय साडेआठ इंचांची असतात. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने पूर्ण पानाचे चित्र किमान १६५० बाय २५५० पिक्सेलचे लागते. त्याहून लहान चित्र ताणले की चरित्रनायक धुक्यात हरवतो. संग्रहालयातले चित्र हवे असेल तर संग्रहालयाच्या अटी वाचाव्यात, परवानगी मागावी. चित्र कितीशे वर्षांपूर्वीचे असले, तरी त्याचा आजचा फोटो कोणाचा आहे हे पाहावे लागते.

प्रत्येक पुस्तकाच्या श्रेयपानावर मुखपृष्ठाचा उगम लिहावा: चित्र कोणाचे, केव्हाचे, कुठे आहे, आणि ते समकालीन आहे की नंतरच्या कल्पनेतले. यंत्राकडून काढून घेतले असेल तर तेही स्पष्ट लिहावे. जो समाज आपल्या इतिहासाचे पुरावे मागितले की दुखावतो, त्याच्यापेक्षा जो पुरावे पहिल्याच पानावर ठेवतो त्याचे म्हणणे लोक अधिक विश्वासाने ऐकतात.

आणि शेवटचे. छपाईला जाण्याआधी मुखपृष्ठ दोन माणसांना दाखवावे. एक आपल्या मोहल्ल्यातली आठवी-नववीतली मुलगी, दुसरा आपल्या समाजाबाहेरचा वाचक. दोघांनाही विचारावे, ‘हे पुस्तक कोणाबद्दल असेल?’ दोघांच्या उत्तरात ‘मुसलमान’ एवढाच शब्द आला, तर चित्रकाराला परत कामाला बसवावे. ‘किल्ला वाचवणारी कोणी बाई असेल’, ‘शाळा चालवणारी कोणी असेल’, ‘तुरुंगात चहा पिणारा कोणी असेल’ असे उत्तर आले, तर पुस्तक छापायला द्यावे.